आठ बाय चारचा बाजार

सिद्धप्पांच्या सदऱ्याच्या बाहीला देवदत्त निळा रंग फासत होता.

"थोडा कॉलरवर पण," असं म्हणून त्यानं कॉलरलाही बोट पुसलं. सिद्धप्पा हात लांब करून उभे होते. वय सत्तरच्या पुढं. उभी हयात नाटकाचे पडदे आणि दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेलेली, पण आज सदरा इस्त्रीचा घालून आलेले. चित्रकार आणि सदऱ्यावर रंगाचा ठिपका नाही, हे काही देवदत्तला पटेना.

आतल्या खोलीच्या दाराच्या फटीतून अमृत हे सगळं बघत होता आणि दातओठ खात होता.

जुळे सोलापुरातल्या या स्टुडिओत चित्र जन्माला यायचं ते असं. आधी देवदत्त कंप्युटरवर देखावा मांडायचा. या खेपेला बुधवारचा बाजार होता. पालं, बैलगाड्या, भाजीचे ढीग, आणि पुतळ्यांसारखी तयार मिळणारी चाळीस माणसं. मग मशीन त्याचं रेंडर, म्हणजे सपाट तयार चित्र, काढून द्यायचं. ते दिसायचं नव्याकोऱ्या प्लास्टिकच्या बादलीसारखं. त्यावर रंग चढवून त्याला जुन्या तैलचित्राची कळा आणायची, हे काम अमृतचं. एकोणीस दिवस तो कुंभारीहून गाडीवर यायचा आणि टॅब्लेटवर पेन घासत बसायचा. लिंबाच्या पानापानाला ब्रशचा फटकारा दिला, धोतरं मळवली, वांग्यांची चकाकी मारली. मग ते आठ बाय चार फुटांच्या कॅनव्हासवर छापून घेतलं.

आणि आता गिऱ्हाईक यायची वेळ झाली, तर अमृत आत.

"तू टी-शर्टवाला. तुझ्याकडं बघून कोण म्हणेल हातानं काढलंय?" देवदत्तनं सकाळीच सुनावलं होतं. "हॉटेलवाल्या बाईंनी बजावलंय, कंप्युटरचं नको, माणसानं काढलेलं पाहिजे."

"सर, मी माणूसच आहे की."

"असशील. पण दिसत नाहीस ना!"

अमृतला आपल्या अपमानांची यादी तोंडपाठ होती. गणपतीच्या पोस्टरखाली त्याचं नाव नाही. शाळेच्या भिंतीवरल्या चित्राखाली नाव नाही. त्याच चित्राचा फोटो पेपरात आला, तेव्हा फोटो काढणाऱ्याचं नाव छापलं, चित्र काढणाऱ्याचं नाही. देवदत्तचा स्वभावच असा, की चहा कुणी केला हे तो पाहुण्यांना आवर्जून सांगे. चित्र कुणी केलं हे त्याला ऐन वेळी आठवत नसे. आज अमृतनं ठरवलं होतं. बाईंनी कौतुक केलं रे केलं, की टॅब्लेट घेऊन बाहेर जायचं आणि सरांच्या तोंडून चारचौघांत वदवून घ्यायचं, की हे अमृतनं केलंय. नोकरी गेली तरी बेहत्तर.

वैजयंतीबाई आल्या. माळशिरसला त्या नवं हॉटेल काढत होत्या आणि जेवणाच्या हॉलमध्ये त्यांना गावचा बाजार हवा होता.

"आमचाच बाजार की हो हा!" त्या हरखल्या. "काका, किती दिवस लागले?"

"एकोणीस," देवदत्त म्हणाला. "जेवणाचीसुद्धा शुद्ध नव्हती त्यांना."

अमृतनं दाराला हात घातला. आता हे म्हातारं मान खाली घालून माझं कौतुक गिळणार, असं त्याच्या मनात आलं. पण सिद्धप्पांनी चष्मा लावला. ते कॅनव्हासच्या पार जवळ गेले आणि एकेका माणसापुढं थांबत या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकले. इतक्या सावकाश ते चित्र अजून कुणी बघितलं नव्हतं.

"ताई, ह्याच्यात माझं काय न्हाय," ते वळून म्हणाले. "पडदा रंगवायचा हाय म्हणून ह्यांनी रिक्षा धाडली. ब्रश घिऊन आलो मी. हितं आल्यावर कळलं, नुसतं हुबं ऱ्हायचंय." त्यांनी बाही पुढं केली. "ह्यो रंगबी ह्यांनीच फासलाय."

देवदत्त हसला. एकटाच.

"कुणाचा का असंना, हात तयार हाय. रंग लई झकास. पन बाजार खोटा हाय. ही बांगडीवाली बघा. हात धरलाय त्या पोरीचा आन बघतीया आभाळाकडं. ह्यो मिरच्या तोलतोय, काट्यावर नजर न्हाय. घेणारा त्याच्याहून शाणा, त्यो तिसरीकडंच. एवढी माणसं, पन कुणी कुणाकडं बघत न्हाय. बाजार असा असतोय व्हय?"

वैजयंतीबाई वाकल्या. एकदा दिसलं ते दिसलंच, मग नजर दुसरीकडं जाईना.

तिसऱ्याच दिवशी अमृतनं हे देवदत्तला सांगितलं होतं. "माणसं मी उभी केलीयत, तू रंगाचं बघ," असं उत्तर मिळालं होतं. अमृतनंही फार ताणलं नव्हतं, हेही खरं. चाळीस माना वळवायच्या म्हणजे आणखी आठ दिवस.

"ह्याच्याखाली बसून माझ्या गिऱ्हाइकांनी जेवायचं?" बाईंचा आवाज चढला. "ह्या काकांनी नाही, तर मग काढलं कुणी हे? नाव सांगा मला त्याचं!"

देवदत्त तरातरा आतल्या दाराशी आला. दार सताड उघडलं. दंडाला धरून त्यानं अमृतला चित्रापुढं उभं केलं आणि बापाच्या नावासकट, आडनावासकट, खणखणीत आवाजात सांगितलं.

"ह्यानं. अमृत रावजी शेटे. पहिल्या रेघेपासून शेवटापर्यंत सगळं ह्या एकट्याचं आहे, बाई. आम्ही कुणी बोटसुद्धा लावलेलं नाही."