पाठीची खुर्ची

शिलाई हॉलमधल्या सगळ्याजणी बिनपाठीच्या स्टुलांवर बसून कंबर मोडून घेत होत्या. शेवटी सगळ्यांच्या वतीनं, तिथंच शिवणाऱ्या दोघी जावांपैकी थोरली मालकांना सांगून आली, "पाठीच्या खुर्च्या द्या, नाहीतर सोमवारी मशीन बंद."

दुसऱ्याच दिवशी मालकांनी भर हॉलमध्ये तिला उत्कृष्ट कारागीर ठरवलं आणि बक्षीस दिलं. एक पाठीची खुर्ची. कुठंतरी पाणी मुरतंय, हे तिला तेव्हाच वाटलं. पण टाळ्यांच्या गडबडीत नको म्हणायचं राहूनच गेलं.

तेव्हापासून हॉलची हवाच पालटली. तिचा दोरा संपला की शेजारीण न मागता रीळ फेकायची, ते बंद झालं. ती जवळ आली की बोलणं मध्येच तुटायचं.

"मी काय केलं गं?" तिनं पलीकडच्या मशीनवरच्या धाकट्या जावेला विचारलं.

धाकटीनं मान वर केली नाही. "तुम्ही बसा जाऊबाई. तुमची सोय झाली ना."

सोमवारी एकही मशीन थांबलं नाही. संध्याकाळी ती खुर्ची उचलून मालकांच्या केबिनमध्ये गेली. "ही घ्या परत. मला नको."

मालक गोड हसले. "ठेवा तिकडं कोपऱ्यात. तिचं काम झालंय."