कागदाचा मुक्काम

"आई, तू मध्ये बोलू नकोस. हे तुमचं जुनं पायानं चालवायचं ट्रेडल मशीन नाही," विद्याधर खेकसला.

नव्या डिजिटल मशीनमध्ये कागद पुन्हा अडकला होता आणि लग्नपत्रिका संध्याकाळी द्यायच्या होत्या. नवऱ्याबरोबर चाळीस वर्षं छपाई केलेल्या शालिनीबाई धुमसत खुर्चीत बसून राहिल्या.

मशीन कंपनीच्या इंजिनिअरनं आल्या आल्या कागद चाचपला. "दमट गोदामातून आणून लगेच फोडलात ना? गठ्ठा एक दिवस मशीनच्या खोलीत बंदच ठेवायचा. मग कागद वाकत नाही."

"हे कुणी सांगितलंच नाही हो, साहेब," विद्याधर म्हणाला. "आई, साहेबांना चहा टाक."

तीन दिवस त्या हेच सांगत होत्या. सासऱ्यांच्या वेळेपासून नव्या कागदाला छपाईच्या खोलीत एक दिवस मुक्काम असे.

शालिनीबाईंनी खुर्चीखालून बंद गठ्ठा ओढला आणि लेकापुढे आपटला.

"कालपासून इथंच ठेवलाय. चहा तू टाक."