जुळवाजुळव

आयटीचा निमकर पेढ्यांचा बॉक्स घेऊन माझ्या टेबलापाशी आला. "मॅडम, एचआर आणि पगाराची सॉफ्टवेअर आता एकमेकांशी बोलतात! इकडचा बदल तिकडे आपोआप."

मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. घटस्फोटित नवऱ्याचं आडनाव माझ्या नावाला परत चिकटलं होतं. ग्रॅच्युइटीचा वारसही तोच.

"घटस्फोटाची नोंद फक्त एचआरकडे होती ना," तो म्हणाला. "जुळलं नाही तिथे आम्ही पगाराकडचीच खरी धरली."

"आणि मला विचारलंत?"

"ती स्टेप नव्हती, मॅडम."

कोर्टाचे उंबरे झिजवून मोडलेलं लग्न या दिवट्यांनी जेवणाच्या सुट्टीत पुन्हा लावलं, वर पेढे वाटतायत!

मी बॉक्सचं झाकण लावलं. "हे माझ्या सासरी नेऊन द्या, निमकर. सून परत आलीय, हे त्यांना आपोआप कळणार नाही."