संध्या रडली नाही

बापाला तिरडीवर बांधलं तरी संध्याच्या डोळ्यातून टिपूस आलं नाही. यशोदाबाईला नवरा गेल्याचं दुःख होतंच, पण त्या दुःखाच्या उरावर ही लाज चढून बसली होती. अख्ख्या सारसोळे गावानं बघितलं होतं.

आणि रडता येत नाही असं थोडंच होतं? पोरीचं पोट रडण्यावर तर भरत होतं. मालिकेत सासुरवाशीण होऊन रडली, सिनेमात वेडी होऊन रडली, वाशीच्या नाट्यगृहात पांढरा टोप घालून म्हातारी झाली तेव्हा तर पुढच्या रांगेतल्या बायांचे पदर भिजले. राणी काय, मोलकरीण काय, जिचं सोंग घेईल तिचं रडणं वेगळं. आणि जन्मदात्यासाठी? खडखडाट!

समाचाराला कोणी दारात दिसलं की यशोदाबाई नव्यानं गळा काढायची. रीतच ती. आलेल्या बाया तिच्या गळ्यात पडायच्या आणि तिच्या खांद्यावरून संध्याकडं बघायच्या. शेजारची गोजरा तर संध्याच्या रडण्याचा व्हिडिओ काढायला मोबाइल हातात धरूनच बसली होती.

"टीवीत सासरा मेला तवा भिंतीवर डोका आपटलास गो," गोजरा म्हणाली. "बापासाठी कोन पैसं देत नाय म्हनून काय?"

यशोदाबाईचं तोंड भाजल्यासारखं झालं. तिनं लेकीचं मनगट धरलं, स्वयंपाकघरात ओढलं आणि दाराला आतून कडी घातली.

"मना या गावात रव्हायचा हाय. दोन टिपं गाल. खोटी गाल. तुला काय कठीन हाय?"

संध्यानं मान वर केली नाही. "खोटी कधी गाळलीच नाय, आये."

"मंग?"

"रडायचा सीन आला का मी डोळे मिटायची. बाबा गेले असं मनात आनायची. घरात आनलेत, अंगावर चादर टाकलीय... लगेच पानी यायचं. पयल्या नाटकापासून तेच. टेक बिघडला का परत मारायची त्यांना. परवा खरीच चादर बघितली. सगळं पाठ होतं, आये. पानी आलंच नाय."

यशोदाबाईला डोळ्यापुढं नवरा दिसला. बनियनवर, टीवीच्या पुढ्यात, चहा निववत बसलेला. पोरगी रडायला लागली की हाही नाक पुसायचा आणि विचारायचा, "कोनासाठी रडते गो येवढी?"

बाहेरून हाक आली, "यशोदाबाय, दिवाळे गावची मानसं आली!"

गळा काढायला तिनं तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. ओट्यावरचं फडकं उचलून तिनं उगाच ओटा पुसला, मग लेकीकडं वळली.

"सगला म्हावरा, पार बोंबील पन, बाजारात इकून आलीस, पोरी. आता घरी कोरडा भात गिलायचा." तिनं कडी काढली. "पन तो गोजरीच्या पुढ्यात बसून गील. मान वर करून."