हरकत क्रमांक एक्केचाळीस

नगरपरिषदेच्या हॉलमध्ये नव्या वृद्धनिवासाच्या नकाशावर सुनावणी चालली होती. चाळीस हरकती एकाच मजकुराच्या, एकाच दुकानात टाइप केलेल्या: इमारत नको. एक्केचाळिसावी मात्र वहीच्या पानावर, हातानं लिहिलेली होती: "इमारत हवी. खिडक्या चुकीच्या बाजूला काढल्यात." हे लिहिणारं माणूस आहे तरी कोण, म्हणून नगररचनाकार धुमाळबाई सकाळपासून त्याच नावाची वाट बघत होत्या.

हौसाबाई गुरव काठी टेकत पुढं आल्या. वृद्धनिवासातल्या खोलीसाठी पहिलं नाव त्यांनीच घातलं होतं.

"आजी, खिडक्या मुद्दाम बागेकडे ठेवल्यात," आर्किटेक्ट समजुतीनं म्हणाला. "दुसऱ्या बाजूला एसटी स्टँड आहे. गोंगाट फार."

"बाग किती येळ बघायची? झाडं कुठं जात्यात का येत्यात?"

"पण स्टँडवर तुम्ही कुणाची वाट बघणार?" धुमाळबाईंना राहवेना.

"कुणाची न्हाई. माझं कोण येतंय आता? पर गाडी लागली की कोण उतरलं ते बघावं वाटतंच की माणसाला."

हॉलमध्ये हशा पिकला. तेवढ्यात खाली फाटकाशी करकचून ब्रेक लागला, गाडीचं दार आपटलं. चाळीसच्या चाळीस हरकतदारांच्या माना खिडकीकडे वळल्या. आर्किटेक्ट तर टाचा उंचावून बघू लागला. धुमाळबाईही खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

हौसाबाई तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी टेबलावर पसरलेल्या नकाशावरची पेन्सिल उचलली आणि धुमाळबाईंपुढं धरली.