बाइंडिंगचा आकडा

"हॅरल्ड, हे कुणाला खरं वाटत नाही," ज्ञानदेव म्हणाला, "पण हिमालयात एकदा माझ्यामागे अस्वल लागलं होतं, आणि मी त्याच्या आधी खाली पोचलो. स्कीवर!"

हॅरल्ड, म्हणजे ज्ञानदेवचा साहेब, खदखदून हसला. बाहेर फेब्रुवारी शहाऐंशीचा बर्फ पडत होता, आणि ट्रॉय शहरातलं ते स्कीचं दुकान तासाभरात बंद होणार होतं. उद्या सकाळच्या विमानानं दोघं कोलोरॅडोला निघणार होते. हॅरल्ड दर वर्षी एकाच इंजिनिअरला डोंगरात नेई आणि परतल्यावर त्याच इंजिनिअरला बढती मिळे, असं कंपनीत बोललं जाई. ज्ञानदेवनं या आमंत्रणाची सोळा वर्षं वाट पाहिली होती. आमंत्रणाबरोबर "स्कीइंग येतं ना?" असा प्रश्न आला, आणि त्यानं दिलेलं "थोडंफार" हे उत्तर महिन्याभरात वाढत वाढत अस्वलापर्यंत येऊन पोचलं होतं.

काउंटरमागचा कारागीर डेल यानं दोन बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला जखडणारे चाप, पुढे ठेवली.

"चढताना यात टाच मोकळी राहते. उतरताना हा खटका दाबला की टाच पक्की. पडलात, की बुटाला सोडून देतं. नाही सोडलं, तर स्कीबरोबर पाय पिळला जातो. हे साधं, नवशिक्यांचं. हे दुसरं जाणत्यांचं. लवकर सुटत नाही."

"दुसरंच दे," हॅरल्ड म्हणाला. "माझंही तेच आहे."

ज्ञानदेवचा एक पाय बुटात होता, दुसरा मोज्यात. मोज्यातला पाय फरशीवर सारखा टपटपत होता.

मागच्या बाकावर रमाताई बसली होती. त्याची मोठी बहीण. नागपुरात तीस वर्षं हाडांच्या वॉर्डात नर्स म्हणून काढून गेल्याच महिन्यात आली होती. साडीवर ज्ञानदेवचाच जुना कोट घातलेला. खरं तर ती आणि ज्ञानदेव भाजी आणायला निघाली होती; वाटेत तो तिला इथं घेऊन आला.

"उतार कसा होता?" डेलनं स्क्रूड्रायव्हर लावत विचारलं.

"उभा. भिंतच म्हणा."

बाइंडिंगच्या स्प्रिंगचा आकडा सहावर आला. आकडा जितका मोठा, तितकी पकड घट्ट.

"आणि मध्ये नदी आडवी आली," ज्ञानदेव म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

"मग?" हॅरल्ड पुढे झुकला.

"उडी मारली. अस्वल त्या काठावर राहिलं."

सात.

"ज्ञान्या," रमाताई मागून मराठीत म्हणाली, "सुटलं नाही तर पाय पिळतो म्हणतोय ना तो?"

"ताई, तू कॉफी पी."

"पिळून मोडलेलं हाड जोडायला किती दिवस जातात, ठाऊक आहे? काही काही तर जुळतच नाहीत."

"ताई, प्लीज. सोळा वर्षं थांबलोय गं मी!" हे तो हसऱ्या चेहऱ्यानं बोलला, कारण हॅरल्ड बघत होता. पाय मात्र टपटपतच होता.

डेलनं फॉर्म ओढला. वजन लिहिलं. 'कौशल्य' या रकान्यात हॅरल्डनंच वाकून 'उत्तम' लिहिलं. मग वय. ज्ञानदेवनं ड्रायव्हिंग लायसन्स काढून दिलं. जन्मतारीख एक जून अडतीस.

"सत्तेचाळीस. छान!" डेल म्हणाला. "पन्नाशी उलटली असती तर स्प्रिंग ढिली करावी लागली असती. त्या वयात हाडं ऐकत नाहीत." त्यानं स्क्रू आणखी आवळला. आठ.

ज्ञानदेवनं लायसन्स परत घ्यायला हात पुढे केला. त्याच्या आधी रमाताईनं ते उचललं. ती कधी उठून आली, कुणालाच कळलं नव्हतं. तारीख तिनं हात लांब धरून वाचली.

"ताई, नको," ज्ञानदेव म्हणाला.

तिचं इंग्रजी वॉर्डातलं होतं. डॉक्टर राउंडला आले की केस सांगायची, तेवढं. तसंच ताठ उभं राहून तिनं डेलला सांगितलं,

"वय पन्नास. गेल्या ऑगस्टमध्ये पूर्ण. एक जून मी सांगितली होती, शाळेत. याला न्यायला उशीर झाला होता. इतका मोठा मुलगा पहिलीत घेत नव्हते. म्हणून तीन वर्षं मी खाल्ली. चूक माझी."

स्क्रूड्रायव्हर थांबला. हॅरल्डनं हातातले ग्लोव्ह काउंटरवर ठेवले आणि ज्ञानदेवकडे बघितलं. ज्ञानदेवचा पाय पहिल्यांदाच शांत झाला.

"म्हणजे आकडा एक घर खाली," डेल पुटपुटला.

"एक नाही. पुष्कळ." रमाताईनं जाणत्यांचं ते बाइंडिंग बाजूला सारलं आणि साधं पुढे ओढलं. "बर्फ यानं पहिल्यांदा गोळ्याच्या गाडीवर पाहिला. आणि अस्वल सर्कशीत. पिंजऱ्यात होतं, तरी हा माझ्या मागे लपला होता."