छत्री मिटली

"मुलगी पस्तिशीची, दातांची डॉक्टर, गरीब स्वभावाची. मुलाचं शांघायमध्ये स्वतःचं घर हवंच." दर रविवारी बागेत आईबाप मुलामुलींची स्थळं मांडायचे; तिथल्या एका उघड्या छत्रीवर चिकटवलेला हा कागद म्हाताऱ्या बाओनं दोनदा वाचला. मग विचारलं, "तुम्ही इथं बसता ते पोरीला ठाऊक आहे?"

पेइचनबाई चिडल्या. ओळीनं शंभर छत्र्या, शंभर आया. कुणाच्या पोरीला ठाऊक होतं?

"तुमच्या मुलाचा कागद कुठाय?"

"नाही आणला." तो बाकावर टेकला. "तिला कधी कुणी आवडलाच नाही?"

परका माणूस, पुन्हा थोडाच भेटणार. बाई बोलून गेल्या. "होता एक शाळामास्तर, तळ्याकडच्या खेड्यातला. पोरगा लाखात एक, पण डोक्यावर स्वतःचं छप्पर नाही. टोपलीभर लोकाटं, ती पिवळी आंबटगोड फळं, घेऊन मागणी घालायला आला. मी टोपली परत त्याच्या हातात दिली. म्हटलं, आधी घर घे, मग चहाला ये."

"आणि पोरगी?"

"भांडली नाही हो. भांडली असती तर बरं होतं. सहा वर्षं झाली, विचारलं तेवढंच बोलते."

बोलता बोलता त्यांची नजर छत्रीवर गेली. वय, नोकरी, घर. मंडईत कोबी मांडावा तशी पोर मांडली होती. तिला काय हवंय, तेवढंच कागदावर नव्हतं. बाईंचे डोळे खाडकन उघडले आणि लगेच भरूनही आले.

"चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. सहा वर्षांत हे शब्द तोंडातून पहिल्यांदाच निघत होते. "घर तिला नकोच होतं. शेजारणींना दाखवायला मला हवं होतं." त्यांनी कागद टरकावला, छत्री मिटली. "तो मास्तर भेटला तर हात जोडून माफी मागेन. पण आता कुठला भेटायला."

"लोकाटं माझ्याच झाडाची होती, ताई," बाओ म्हणाला. "माझा पोरगा अजून बिनलग्नाचाच बसलाय. तुमची शुयिन त्याला म्हणाली होती, आई मनापासून हो म्हणेल तेव्हाच."

बाई त्याच्याकडे वळल्या. "मग तुम्ही इथं सून शोधायला कशाला आलात?"

"सून कोण शोधतंय? सात महिने झाले, मी विहीणबाई शोधतोय."